पाच मुलांचं कुटुंब

आधी चहा ओतून घ्या, मग सांगतो. माझ्या हातून झालेल्या गाढवपणांत याचा नंबर पहिला, आणि बायकोनं तो अजून माहेरी सांगितलेला नाही, एवढीच काय ती अब्रू शिल्लक आहे.

आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो त्याला चार वर्षं झाली. राहतो राजाजीनगरात. वरच्या मजल्यावर सुमनअक्का. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, चिकपेटेत साड्यांचं दुकान, आणि मराठी अशी की वाक्य सुरू मराठीत होतं आणि संपतं कन्नडमध्ये. त्यांच्या दुकानात साड्यांना फॉल लावायला झरमिना नावाची एक अफगाण बाई यायची. नवरा, दोन मुली, बारा वर्षं इथेच. धाकटीचा जन्मही इथलाच.

एक दिवस त्यांना कागद आला. व्हिसाची मुदत वाढणार नाही, देश सोडा. आता सोडून जायचं कुठे? थोरली नववीत पहिली आलेली. तिकडे परतली असती तर तिची शाळाच संपली असती.

एक वकीलबाई निम्म्या फीवर केस लढायला तयार झाल्या. उरलेल्या खर्चासाठी अक्कांनी वर्गणीचं मनावर घेतलं. पासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखत असताना चिकपेटेतलं एकेक दुकान पालथं घालत होती. मला लाज वाटली. मी म्हटलं, मलाही वर्गणीचा एक डबा द्या.

"जोशी, स्वल्प ऐका," अक्का म्हणाल्या. "नाव कुणाला सांगायचं नाही. तिच्या नवऱ्याला हे माहीत नाही. तो दुसऱ्याचा पैसा घेणाऱ्यातला नव्हे. हळूहळू आम्ही त्याला सांगू."

मी 'सरी', म्हणजे बरं, म्हणालो. नवरा यशवंतपूरच्या बाजारात कामाला आहे हे मला ठाऊक होतं. कुठल्या दुकानात, हे विचारायची अक्कल मात्र झाली नाही. आणि व्यापाऱ्यांकडे पैसा असतो म्हणून रविवारी सकाळी मी डबा घेऊन गेलो कुठे? यशवंतपूरच्या बाजारात.

सुक्या मेव्याच्या एका दुकानात शिरलो. गल्ल्याजवळ एक बुटका, गुळगुळीत दाढी केलेला माणूस फोनवर फर्डं कन्नड बोलत पोत्यांचा हिशेब देत होता. मालकच हा, मी मनात म्हटलं. आणि माझ्या डोळ्यांपुढचा अफगाण माणूस म्हणजे सहा फुटी, दाढीवाला आणि फेटा बांधलेला. तुमच्याही तोच असणार, हसू नका.

माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये हिंदी मिसळून मी सुरुवात केली. एक परदेशी कुटुंब आहे, त्यांना देशाबाहेर काढतायत, कोर्टात जायचंय. त्यानं मुलं किती ते विचारलं. आता नाव सांगायची बंदी होती, आणि दोन मुली मला ऐन वेळी जरा कमी वाटल्या. मी म्हटलं, पाच. वर एक आंधळी आजीही जोडून दिली.

माणूस खाली बघत राहिला. मला वाटलं, टाळतोय. मग मी तो दिव्य उपदेश केला, जो आठवला की आजही पांघरुणात तोंड लपवावंसं वाटतं.

"तुमचं इथं स्वतःचं दुकान, स्वतःचं घर," मी म्हणालो. "आपला देश सुटणं म्हणजे काय, हे तुम्हाला काय कळणार?"

त्यानं खिशातून पाकीट काढलं, त्यात होत्या तेवढ्या नोटा डब्यात टाकल्या. वर कागदात मूठभर बदाम बांधून दिले, त्या आजीसाठी. ते बदाम मी रिक्षात खाल्ले. तेही सांगून टाकतो.

पुढच्या आठवड्यात वकीलबाईंच्या ऑफिसात सह्या करायच्या होत्या. अक्कांनी झरमिनाच्या नवऱ्याला कसंबसं राजी केलं होतं. फी उसनी समजून घेईन, फेडेन, या अटीवर तो आला. मी दार उघडून आत गेलो, तर समोर तोच बदामवाला.

"हे करीमभाई," अक्का म्हणाल्या.

मला घाम फुटला. करीमभाई मात्र उठून उभे राहिले, माझा हात धरला आणि आपल्या बायकोला सांगू लागले की, हेच ते साहेब, पाच मुलांच्या घरासाठी उन्हात फिरत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आजी कशी आहे?"

काय करणार? सगळं कबूल केलं. अक्कांनी कपाळाला हात लावला. झरमिना ओढणीत तोंड लपवून हसत होती. मी त्यांच्या नोटा परत करायला काढल्या, तर करीमभाईंनी माझी मूठ बंद केली.

"ते मी दुसऱ्या घरासाठी दिलेत, सर. माझ्यासाठी नाही. ते घर शोधा."

स्वतःच्या घरावर नांगर फिरायची वेळ आलेली, आणि हा माणूस असं बोलतो. वकीलबाई चष्मा पुसत म्हणाल्या की, शोधायला नको, सुदानचं एक जोडपं याच अडचणीत आहे, एक मूल आहे.

कोर्टानं करीमभाईंना देशाबाहेर काढण्याला स्थगिती दिली. केस अजून चालू आहे, पण थोरली इथेच दहावीला बसली. आणि स्थगिती मिळाली त्याच रविवारी करीमभाई सुदानच्या जोडप्यासाठी बाजारात फिरायला निघाले. मला म्हणाले, "तुम्ही डबा धरा. बोलायचं मी."

मी डबा धरून मुकाट मागे उभा. करीमभाई ठसठशीत कन्नडमध्ये खरं तेवढंच सांगत होते. मिरचीच्या एका व्यापाऱ्यानं सगळं ऐकलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि हळहळत करीमभाईंना विचारलं, "हाच का तो? फारच हाल झालेले दिसतात."

करीमभाई खुलासा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात व्यापाऱ्यानं पाचशेची नोट काढली. मी पटकन मान खाली घातली आणि डबा पुढे केला.