शून्याची जन्मतारीख

आमच्या सरकारी कंपनीत तेव्हा कॉम्प्युटर नवाच आला होता. मी लग्न होऊन पुण्याहून कलकत्त्याला आलेली, गणिताची पदवीधर. म्हणून त्या थंडगार खोलीत मला प्रोग्रॅमरची नोकरी मिळाली. जागा वाचावी म्हणून यंत्रात तारखा तारखांसारख्या ठेवलेल्या नसत. शतकाच्या पहिल्या दिवसानंतर किती दिवस गेले, एवढा आकडा साठवायचा आणि छापताना त्याचा दिवस, महिना, वर्ष काढायचं. ते करणारा प्रोग्रॅम माझ्या आधीच्या माणसाने लिहून ठेवला होता. निवृत्त होणाऱ्यांच्या नोटिसा यंत्राने त्या महिन्यात पहिल्यांदाच छापल्या.

एका सकाळी कलकत्त्याजवळच्या बजबज गावातल्या आमच्या तेलडेपोतला एक फिटर थेट आमच्या दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा, अंगापिंडाने मजबूत, केस काळेभोर. हातातला कागद त्याने माझ्यासमोर धरला.

"दीदी, मी निवृत्त झालोय म्हणे. पगारही आला नाही."

मी कागद वाचला. जन्मतारीख छापली होती शतकाच्या पहिल्या दिवसाची. म्हणजे हा माझ्यासमोरचा माणूस कागदावर सत्तरी ओलांडलेला!

"तुमची खरी जन्मतारीख काय?"

"ठाऊक नाही."

मी त्याचं कार्ड काढलं, यंत्राला माहिती देण्यासाठी भोकं पाडून पंच केलेलं. जन्माच्या रकान्यात शून्य होतं. माहीत नाही म्हणून कुणीतरी शून्य पंच केलं होतं आणि प्रोग्रॅमने त्याचीही इमानेइतबारे तारीख करून दिली होती. मग सगळीच कार्डं तपासली. शून्यवाले आणखी कितीतरी निघाले, जवळजवळ सगळे फाळणीनंतर पलीकडच्या पूर्व बंगालातून आलेले. माणसाला स्वतःची जन्मतारीखच माहीत नसू शकते, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आमच्याकडे घटका-पळं मांडलेली पत्रिका ट्रंकेत जपून ठेवलेली असायची.

साहेबांनी नोटिसा मागे घेतल्या, त्या फिटरचा पगार काढायला सांगितला. मी प्रोग्रॅममध्ये अट घातली: शून्य दिसलं तर तारीख छापायची नाही, जागा कोरी सोडायची. पण साहेब म्हणाले, कायमची कोरी कशी चालेल? मग कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला तपासून अंदाजाने जन्माचं वर्ष लिहून दिलं. दिवस आणि महिना त्याने स्वतः सांगायचे होते.

"कुठलाही सांगा," मी म्हटलं.

त्याने हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "निर्वासित होऊन आलो आणि आम्ही सियालदह स्टेशनच्या फलाटावर राहायचो, तेव्हा माझी बहीण जन्मली. रेल्वेच्या डॉक्टरने तिची तारीख सांगितली होती. पावसाळ्यापर्यंतसुद्धा जगली नाही ती. आईने ती तारीख आमच्याकडून पाठ करून घेतली होती. तीच लिहा."

डॉक्टरांचं वर्ष आणि ती तारीख धरून मी दिवसांचा आकडा काढला. कार्ड पंच करणाऱ्या मुलीने विचारलं, "बरोबर आहे ना?"

मी नुसती मान हलवली.