व्याह्याची ऐरण

विश्राम तांबवेकराने कोरोनाचा जेवढा धसका घेतला नाही, तेवढा तो आपल्या व्याह्याच्या नावानं जळला.

विश्राम मूळचा कराडकडच्या तांबव्याचा. इंजिनियर होऊन ऑस्ट्रेलियात आला आणि मेलबर्नच्या एका कारखान्यातली मशिनं दुरुस्त करता करता ग्लेन वेव्हर्लीत मुरला. एकुलती लेक दीप्ती सिडनीला, वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये. तिनं नवरा केला गोरा, आडनाव मॅकगोवन. त्या नवऱ्याचा बाप ॲलेक दीप्तीच्या गिरावीनच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहायचा. ऑगस्टात दीप्तीला पोरगा झाला, तेव्हा मेलबर्नला कुलूप होतं आणि दोन राज्यांच्या हद्दीवर पोलीस. म्हणजे एक आजा नातवाला रोज मांडीवर घेतोय, आणि दुसरा फोनच्या काचेवरनं बोट फिरवतोय.

वरनं ॲलेकला गप्प बसवत नव्हतं. रोज संध्याकाळी फोन लागला की तो त्या मूठभर पोराला आडनावाची कथा ऐकवायचा. मॅक म्हणजे लेक, गोवन म्हणजे लोहार. स्कॉटलंडच्या डोंगरात गावोगाव लोहार, म्हणून गावोगाव मॅकगोवन. सगळे एका रक्ताचे नव्हेत, हेही मोकळेपणी सांगायचा. त्याच्या खापरपणज्याच्या गावातली माणसं जमीनदारानं मेंढरं पोसायसाठी हुसकून लावली. नांगरच उठले, तर लोहाराला काम कुठलं उरतंय? तो आधी ग्लासगोच्या कारखान्यात शिरला, मग बायकापोरं घेऊन जहाजात बसला आणि इथं येऊन घोड्यांना नाल मारायला लागला. लोहार हा शब्द उच्चारताना ॲलेकची छाती पाटलासारखी फुगायची. वंशावळ त्यानं फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेली, आणि खापरपणज्याची ऐरण गराजमध्ये.

हे ऐकताना विश्राम फोनचा आवाज बारीक करायचा, त्याचं कारण नातवाहून जुनं होतं. तांबवेकर हे आडनाव त्यानं कॉलेजात असताना गॅझेटात छापून घेतलेलं. त्याआधी तो विश्राम लोहार. गावाच्या कडेला बापाचं पाल, पोरगा भाता ओढायचा, बाप फाळ आणि खुरपी घडवायचा. सुगीला दोघं बलुत्याचं धान्य मागत खळ्याखळ्यावर उभे राहायचे. हॉस्टेलातली पोरं त्याला 'ए भाता' अशी हाक मारायची. ते त्याला सोसलं नाही. बाप गेल्यावर बापाची ऐरणही त्यानं भावाला भंगारात घालायला लावली. लेकीला आणि पुढं व्याह्याला सांगून ठेवलं, की तांबव्यात आमची मोठी शेतीवाडी. आता दोघांच्या घरचा धंदा तोच, नाव तेच. पण त्या गोऱ्यानं ते भिंतीवर टांगलेलं आणि यानं मातीत पुरलेलं.

इकडं हे एकट्या वीणाला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. तिनं एकदा सुनावलंच, "त्यो लोहार म्हणून मिरवतोय, आन् घाम तुमास्नी सुटतोय."

त्यावर विश्रामनं टीव्हीचा आवाज वाढवला.

बारसं फोनवरच झालं. नाव नील ठेवलं, दोन्हीकडच्यांना म्हणता येईल असं. पाळणा हलवून झाल्यावर ॲलेक म्हणाला, आता आमच्याकडचाही एक फोटो होऊन जाऊ दे. पोराला घेऊन सगळे गराजमध्ये गेले, फोन दीप्तीच्या हातात. ॲलेकनं नातवाला छातीशी धरलं, आणि ऐटीत उभं राहायचं म्हणून उजवा बूट उचलून ऐरणीवर ठेवला.

"पाय काढ," विश्राम ओरडला. "अरं, ऐरणीला पाय लावतंय व्हय कुणी?"

मराठी होतं, पण ॲलेकचा पाय आपोआप खाली आला. दीप्तीनं फोन स्वतःकडं फिरवला. बाबा एवढे का चिडले, तिला कळेना. ती म्हणाली, "Relax, बाबा. लोखंडच आहे ना ते?"

वीणानं नवऱ्याकडं पाहिलं. विश्राम म्हणाला, "माझा बाप लोहार व्हता. मीबी लोहारच. शेतीवाडी काय न्हवती."

दीप्तीनं फोन पुन्हा ॲलेककडं फिरवला. मग तिनं सासऱ्याला ते इंग्रजीत सांगितलं. विश्रामला वाटलं, आता म्हातारा हसणार. ॲलेक हसला नाही. त्यानं शर्टाच्या बाहीनं ऐरण पुसली आणि दोस्तीत विचारलं, मेट, तुमच्यात मग काय करतात?

विश्रामनं सांगितलं. हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं, पोराचं कपाळ ऐरणीला टेकवायचं. ॲलेकनं सगळं बिनचूक केलं. आणि ते बघताना विश्राम आणखीच जळला. नातू त्याच्याकडं, वंशावळ त्याच्याकडं, ऐरण त्याच्याकडं. एक रीत तेवढी आपली उरली होती, तीही आपणच त्याच्या हातात दिली.

नोव्हेंबरात हद्द उघडली. दोघं गाडीनं गिरावीनला पोचले. वीणा पोराकडं धावली. विश्राम तोंडावरचा मास्क न काढता दीप्तीला म्हणाला, आधी ॲलेककडं चल. सगळी वरात चार गल्ल्या चालत गेली. ऐरणीवर कुंकवाचा डाग अजून होता. विश्राम वाकला, ऐरणीच्या माथ्यावरनं तळहात फिरवला, हातोडीनं एक टोला देऊन कान लावला. मग समाधानानं वीणाला म्हणाला, "घासलीय. कडा गेल्यात. आमच्या आबांची हिच्यापरास लई सरस व्हती."

"मग ती भंगारात का घातलीत?" मागनं दीप्तीनं विचारलं. बारशानंतर वीणानं तिला सगळं सांगून टाकलं होतं.

विश्रामनं हातोडी खाली ठेवली.  दाराशी ॲलेक नातवाला घेऊन उभा होता, उजव्या हातात हळदकुंकवाचा डबा, आता पुजाऱ्यासारखा तयारीत.

विश्रामनं पुढं होऊन पोराला काढून घेतलं, डबाही घेतला, आणि व्याह्याला इंग्रजीत बजावलं, "दीड मीटर लांब उभा राहा, मेट. नियम आहे."