ड्रोन बरडावरच पाडायला हवं होतं

माझ्यामुळे माझ्या सख्ख्या काकांचा पाय फाटला. मी त्यांच्यापासून चांगली शंभर पावलं लांब होते आणि माझ्या हातात फक्त रिमोट होता.

तेव्हा मी नगरला एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. हौस म्हणून एक छोटं ड्रोन घेतलं होतं. आषाढातल्या एका रविवारी ते घेऊन माहेरी गेले. आमचं गाव पारनेरच्या पठारावर. आषाढात तिथला वारा पिसाळलेला असतो. छपरावर दगड ठेवले तरी पत्रे रात्रंदिवस आपटतात. त्या सकाळी मात्र अंगणात कडुनिंबाची पानं तेवढी हलत होती.

"अंगणातला वारा खरा न्हाई," वडील म्हणाले. "टेकावर जाऊन बघ आधी."

मी गेले नाही. जमिनीपासून वर जावं तसा वाऱ्याचा जोर वाढतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवत होते. स्क्रीनवर जोराच्या वाऱ्याची सूचना आली, तीही बोटानं सारून टाकली.

वारा पश्चिमेचा होता आणि मला पूर्वेच्या पाझर तलावाचा फोटो हवा होता. ड्रोन बाणासारखं गेलं. मला आनंद झाला, पण तो वेग ड्रोनचा नव्हताच. तलावावरून त्याचं तोंड घराकडं वळवलं तेव्हा ते जागच्या जागी थरथरत राहिलं. बॅटरी भराभर उतरू लागली. आपोआप परत येण्याचं बटण दाबलं, तर ते आणखी वर चढलं आणि तिथल्या वाऱ्यानं त्याला उलटं मागं ढकललं.

मी ते बटण रद्द केलं आणि ड्रोन खाली आणलं. तिथवर मी बरोबर होते. खाली बरड होतं. नुसते दगड आणि कुसळं, ना माणूस ना जनावर. ते तिथंच पाडायला हवं होतं. मोडलं असतं एवढंच. पण बरडापलीकडं काकांचं रान आणि त्याला लागून आमचं अंगण. एवढ्याशा अंतरासाठी कशाला मोडायचं, असं मनात आलं.

काका बैल जुंपून मुगातलं तण कोळपत होते. मला ते दिसत होते. बैलांचे कान, काकांचा पांढरा सदरा, सगळं दिसत होतं. डोक्यावरून जाईल, असं मी स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात वाऱ्याचा जोराचा झोत आला. ड्रोन कलंडलं, गिरकी खाऊन खाली कोसळलं आणि डाव्या बैलाच्या मानेवर आपटलं. फिरत्या पात्यांनी त्याचा कान चिरला. बैल हंबरडा फोडून उधळला आणि जोडीदारालाही घेऊन गेला. काकांनी कासऱ्याचा वेढा मनगटाला घेतला होता. ते तोंडावर पडले आणि फरपटत निघाले. कोळपं उसळून त्यांच्या अंगावर आलं आणि त्याचं लोखंडी पातं पिंढरीत शिरलं. काका ओरडले. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

बांधाच्या दगडांना कोळपं अडलं तेव्हा बैल थांबले. मी पोचले तेव्हा पिंढरीचं मांस उघडं पडलं होतं आणि मुगाची पानं रक्तानं भिजली होती. मी ओढणी काढून जखमेवर आवळून धरली. काका दात खाऊन शिव्या देत होते. मला की बैलाला, कळत नव्हतं.

काकांचा मुलगा धावत आला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला ताई म्हणणारा. त्यानं आधी बापाकडं पाहिलं, मग सरीत पडून अजून फडफडणाऱ्या त्या यंत्राकडं. मोठा धोंडा उचलून त्यानं ते ठेचलं. तुकडे मातीत जाईपर्यंत ठेचत राहिला. मग वळला आणि माझ्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. माझा ओठ फुटला.

"माझा बाप मेला असता! खेळन्यापायी!"

मागून माझे वडील आले. त्यांना दिसलं ते फक्त मुलीच्या तोंडावरचं रक्त. हातातली काठी त्यांनी पुतण्याच्या पाठीवर घातली. तोही उलटून त्यांच्या अंगावर गेला. दोघं मुगात लोळत एकमेकांचे गळे धरत होते आणि मी जखमेवरचा हात काढू शकत नव्हते.

शेवटी काकाच ओरडले, "आरं, मारामाऱ्या मागून करा! मला दवाखान्यात न्या आदी!"

ज्या हातांनी एकमेकांना मारलं त्याच हातांनी दोघांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. पायाला दोन थरांत टाके पडले. पावसाळा सरेपर्यंत काका बाजेवर होते. त्यांची राहिलेली कोळपणी माझ्या वडिलांनी केली.

महिन्याभरानं मी काकांच्या पाया पडायला गेले. "वारा एकदम आला, काका," मी म्हणाले.

"वाऱ्याला काय कळतं, पोरी?" ते म्हणाले. "तुला कळत हुतं."

त्या क्षणी मला तिसरी थोबाडीत बसली असती तरी कमी लागली असती.

दीड वर्ष मी तसल्या यंत्राला हात लावला नाही. मग पुन्हा ड्रोन घेतलं. आता आधी उंचवट्यावर जाऊन वारा अंगावर घेते. जाताना ड्रोन वाऱ्याच्या विरुद्ध नेते, म्हणजे येताना तोच घरी आणून सोडतो. निम्मी बॅटरी उरली की परत फिरते. खाली माणूस किंवा जनावर दिसलं, तर उडवतच नाही.

चुलतभाऊ भाऊबीजेला यायचा बंद झाला होता. यंदा आला. पाटावर बसला, मी ओवाळलं. उठताना त्यानं विचारलं, "अजून उडवतीस?"

"हो."

"आमच्या रानावर न्हाई."

"नाही," मी म्हणाले आणि त्याच्यापुढं फराळाचं ताट ठेवलं.