सातवं कारण

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं जे खोपटं आहे, त्याच्या मालकाला सगळे काका म्हणतात. प्राचार्यही काकाच म्हणतात, आणि प्राचार्य त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत. आता बोला!

काकांचं शिक्षण बारावीला अडलं होतं. पण तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या काचेवर उलथ्यापालथ्या करून माणूस कोरडा किती राहणार? सहा वर्षांपूर्वी त्यांनी गुपचूप बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला. विषय समाजशास्त्र. पुस्तकं घ्यायची गरजच नव्हती. वाकडी आलेली, फिकी आलेली प्रत पोरं टाकून द्यायची, ती काका खोक्यात जमवायचे. वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीच्या नोट्स अशा आपसूक हाताशी यायच्या.

यंदाच्या हुशार पोरीला सगळे आजी म्हणत, कारण वय वीस आणि तोंड सत्तरीचं. तिचा जिवलग मित्र लंबू. हा गडी वर्गापेक्षा काकांच्या स्टुलावर जास्त बसायचा. स्वतःच्या हाताने त्याने एक ओळ कधी लिहिली असेल तर शपथ. रोज चार वाजता तिघं मिळून चहा प्यायचे आणि जगातल्या सगळ्या मास्तरांची यथेच्छ टिंगल करायचे. काकांच्या बी.ए.चं गुपित घराबाहेर फक्त या दोघांना ठाऊक होतं.

तर एक पेपर सोडून काकांचं सगळं सुटलं होतं. त्या एका पेपरात मात्र दोनदा गटांगळी खाल्ली, पहिल्यांदा तीन मार्कांनी, मग दोन मार्कांनी. यंदा सहा वर्षांची मुदत संपत होती. आता उडाले तर पुन्हा पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा, आणि एक्कावन्नाव्या वर्षी तेवढा दम त्यांच्यात नव्हता.

शिवाय घरी काकू होत्या. मार्कशीट आली की काका मूळ कागद दुकानाच्या खणात टाकायचे आणि त्याची झेरॉक्स घरच्या कपाटात, काकूंच्या हाती लागेल अशी ठेवून द्यायचे. तोंडाने सांगायला जीभ रेटायची नाही. काकू कागद बघायच्या, जागच्या जागी ठेवायच्या आणि चकार शब्द काढायच्या नाहीत. केवढं मोठं मन या बाईचं, असं वाटून काकांना भरून यायचं. एकदा तरी तिला बरा कागद दाखवायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पेपर दोन दिवसांवर आला असताना समाजशास्त्राचे सर एक नोटीस घेऊन दुकानात आले.

"काय हो काका, सातवं कारण कोण खातं तुमच्याकडे?"

"कसलं सातवं?"

"कुटुंबसंस्था का बदलते, याची मी सात कारणं शिकवतो. अकरा वर्षं झाली, अख्खा वर्ग सहाच लिहितो. दरवर्षी वही लिहिणारं एखादंच पोरगं सात लिहितं. बाकीचे सगळे तुमचे गिऱ्हाईक."

सर हसत निघून गेले. काकांनी मात्र आपले पेपर आठवले. त्यांनीही दोन्ही वेळा सहाच लिहिली होती.

त्यांनी आजीची वही मागवली आणि आपली प्रत शेजारी ठेवली. वहीत पानाच्या तळाला सातवं कारण ठसठशीत होतं. प्रतीत तिथे पांढरंफटक. पुढची पानं पाहिली, तर सगळीकडे हीच गत. काकांनी मशीनचं झाकण उचललं आणि कपाळावर हात मारला. अकरा वर्षांपूर्वी काचेचा कडेचा टवका उडाला होता, तेव्हा कागद सरळ बसावा म्हणून त्यांनीच तिथे बोटभर रुंदीची पट्टी चिकटवली होती. वर आल्यागेल्याला ती डोकेबाज पट्टी दाखवून भाव खाल्ला होता. त्या पट्टीने प्रत्येक पानाची शेवटची ओळ गिळली होती. पोरांनी कधी तक्रार केली नाही. त्यांना वाटायचं, हा विषयच असा अर्धवट आहे.

"म्हणजे माझं जे काही मागे राहिलंय, ते तुमच्यामुळे?" लंबूने आशेने विचारलं.

"तुझं वर्गात न बसल्यामुळे राहिलंय. गप्प बस," आजी म्हणाली.

काकांनी पट्टी उपटली आणि दाराला पाटी लावली: सर्व नोट्स पुन्हा काढून मिळतील. फुकट.

"आणि तुमचा अभ्यास कोण करणार?" आजीने विचारलं.

"पोरांच्या तोंडची ओळ काढून घेतली मी. आधी ती परत देतो."

रांग पार फाटकापर्यंत गेली. मशीन जुनं, प्रत्येक संचासाठी पान पुन्हा ठेवावं लागायचं. काकांना मान वर करायला फुरसत नव्हती. तेव्हा लंबू उठला आणि आजीची वही हातात घेऊन मशीनशेजारी उभा राहिला. पान द्यायच्या आधी तो शेवटची ओळ काकांच्या कानाशी खणखणीत वाचायचा आणि मगच पान सोडायचा. त्याचा घसा बसला की आजी वाचायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तर रांगच सगळ्या ओळी ओरडून म्हणायला लागली. या गडबडीत लंबूचा जन्मात पहिल्यांदा अभ्यास झाला आणि त्याला तो कळलासुद्धा नाही.

पेपरच्या दिवशी दुकानाला कुलूप दिसलं आणि पोरांची तारांबळ उडाली. आत वर्गात पाहतात तर पहिल्या बाकावर काका!

"काका, दुकान?"

"माझाही पेपर आहे बाबांनो."

तोच प्रश्न आला होता. सहा कारणं काकांनी डोळे मिटून लिहिली. मग लंबूचा बसका आवाज कानात आला: सात, घरातल्या माणसांत मोकळा संवाद न राहणे. काकांनी तेही लिहिलं.

निकाल लागला तेव्हा काकांनी सवयीने झेरॉक्स काढली. यंदा मात्र ती कपाटात ठेवली नाही, सरळ काकूंच्या हातात दिली. काकूंनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि तळाशी त्यांचं बोट थांबलं.

"निकाल, उत्तीर्ण," त्या म्हणाल्या. "ही ओळ आधीच्या कागदांवर नव्हती."

काकांना आत्ता उलगडा झाला. पट्टीने ती ओळही गिळली होती.

"आधी दोनदा नापास झालो होतो गं. तुला ठाऊक आहे, असंच धरून चाललो होतो मी."

"मला कसं ठाऊक असणार? मला वाटलं, तुम्हाला परीक्षा द्यायला आवडतं." काकूंनी कागद बाजूला ठेवला. "एवढं दोनदा मनाला लागलं आणि मला बोलला नाहीत होय?"

 काका खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सहा वर्षांपूर्वी फॉर्म भरला तिथपासून सांगायला लागले.