जनरेटरवरची लाल पाटी

ही फजिती मीच सांगून टाकतो, ते बरं. नाहीतर आमच्या चंदनसार भागात दुसऱ्या कुणाकडून ऐकाल आणि ते लोक तिखटमीठ लावून सांगतील. अहो, मुळातच इतकी झणझणीत आहे की वरून काही लावायची गरजच नाही!

तर मी नौदलातून निवृत्त झालेला माणूस. इलेक्ट्रिकल खात्यातला. युद्धनौकेच्या पोटात मोठमोठे जनरेटर असतात, ते सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. रडारपासून स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत सगळं त्यांच्यावर चालतं. सोसायटीत मला 'कॅप्टन काका' म्हणतात. मी कॅप्टन कधीच नव्हतो. पण रोज रोज कोण दुरुस्त करत बसणार?

लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी आमच्या सोसायटीनं जनरेटर घेतला. जुनाच, चावी फिरवून चालू करायचा. मग काय, मला चेवच आला! मीटिंगमध्ये मी उभा राहिलो तो बसायलाच तयार नाही.

"जहाजावर पायाखाली लोखंड, भिंती लोखंडाच्या, छत लोखंडाचं आणि मधे घामानं निथळणारा माणूस. करंटला आणखी काय पाहिजे? म्हणून आम्ही अंगठी काढायचो, घड्याळ काढायचो, रबरी चटईवर उभे राहायचो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मशीनला हात लावायच्या आधी स्विचवर लाल पाटी टांगायची. मशीन एका मजल्यावर, स्विच दुसऱ्यावर. आत हात घातलेला माणूस स्विचवाल्याला दिसत नाही! म्हणून ज्यानं पाटी टांगली, त्यानंच ती काढायची."

आमच्या सेक्रेटरी नाईक वहिनींनी विचारलं, "आणि तो माणूस लांबून ओरडून म्हणाला की काढा, तर?"

"मी स्वतः ओरडलो तरी काढायची नाही! माणूस समोर येईल आणि आपल्या हातानं काढेल."

वहिनींनी मान डोलावली. ही बाई मान डोलावते तेव्हा ती गोष्ट कायमची लक्षात ठेवते, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

पुढे एका रविवारी जनरेटरमधून जळका वास यायला लागला. पापडी गावचा फ्रान्सिस मेकॅनिक चर्चमधली सकाळची मिसा आटपून आला. मी थाटात स्विचवर लाल पाटी टांगली. फ्रान्सिस शेडमध्ये मशीनच्या मागे बसला, कानात इयरफोन घातले आणि कामाला लागला.

थोड्या वेळानं मी त्याचा एक इयरफोन ओढून विचारलं, "किती राहिलं रे?"

"झालंच काका."

बस. 'झालंच' म्हणजे झालं, असं मी धरून चाललो. वर जाऊन चहा घेऊन येतो म्हटलं आणि लिफ्टमध्ये शिरलो. तिसरा मजला ओलांडला आणि लाईट गेली!

आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दरवाजाची. मी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे अडकलेलो. असा आरडाओरडा केला की अख्खी बिल्डिंग जिन्यात जमा झाली. नाईक वहिनी तिसऱ्या मजल्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, जनरेटर चालू करा!"

"त्याच्यावर लाल पाटी आहे, काका."

"माझीच आहे! काढा ती!"

"ज्यानं टांगली त्यानं समोर येऊन काढायची."

"अहो, समोरच तर आहे मी!"

"मला फक्त चपला दिसतायत."

जिन्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. माझं डोकं फिरलं.

"वहिनी, मी नियम केला, मीच मोडतोय. काम संपलंय!"

"काका, मी आत्ताच शेडमध्ये बघून आले. फ्रान्सिस अजून..."

"फ्रान्सिस गेला असेल घरी! तुम्ही चालू करा!"

"ऐका तर! तो मशीनच्या..."

"मशीनचं मला सांगू नका! उभा जन्म गेलाय माझा मशीनमध्ये!"

तेवढ्यात पाचव्या मजल्यावरून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "चहा गाळलाय हो, निवतोय!"

सांगा, आता हिला काय म्हणायचं?

शेवटी वॉचमन गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला आणि त्याला शिकवल्याप्रमाणे हातानं चाक फिरवून त्यानं लिफ्ट तिसऱ्यावर आणली. मी बाहेर पडलो तो कुणाशी न बोलता तडक खाली. मागे वहिनी, त्यांच्यामागे बिल्डिंग. शेडमध्ये शिरलो, सगळ्यांच्या देखत पाटी हिसकून काढली आणि ऐटीत चावीकडे हात नेला.

चावी जागेवर नव्हती.

"माझ्याकडे आहे," मागून वहिनी म्हणाल्या. "आता जरा वाकून मशीनच्या मागे बघा."

वाकलो. फ्रान्सिस पालथा पडलेला, दोन्ही हात मनगटापर्यंत मशीनच्या आत, कानात इयरफोन, मजेत गुणगुणतोय. मला बघून म्हणाला, "झालंच काका, एकच बोल्ट राहिला."

 खोटं कशाला बोलू, मीच हट्टानं शेडमध्ये घालायला लावलेल्या रबरी चटईवर मटकन बसलो. चावी जागेवर असती तर? जहाजावर कधी केली नाही अशी चूक मी माझ्याच घराखाली, चारचौघांसमोर, छाती काढून करायला निघालो होतो.

मग उठून पाटी परत टांगली. वहिनींना म्हटलं, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

अख्खी बिल्डिंग एका सुरात हसली. फ्रान्सिसनं इयरफोन काढून विचारलं, "काय झालं?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी शेडमध्ये कागद चिकटवला: 'पाटी काढण्याआधी समोरच्याचे वाक्य पूर्ण ऐकावे.' मी तो दोनदा वाचला आणि घरी आलो.

आमच्या सौभाग्यवतींनी तर वहिनींकडून त्याची एक कॉपी मागून आणली आणि आमच्या फ्रीजवर लावली. आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात कुठे जनरेटर आहे?