टू-एटी-सिक्स आणि नागपूरचा मे महिना

कॉम्प्युटरचं झाकण उघडलं की आत जशी धूळ सापडते ना, तसे आमच्या दुकानातले किस्से आहेत. मुद्दाम कोणी टाकत नाही, रोज थोडे थोडे साचतात. मग कधीतरी दोन जुने दोस्त भेटतात, एकजण झाकण उघडतो आणि सगळे शिंकायला लागतात!

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. सीताबर्डीवर एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आमची खोली. शरदभाऊ मालक. गजभिये मशीन जोडणारा. आणि मी प्रोग्राम टाकणारा, शिवाय गिऱ्हाइकाला समजावणारा. सुटे भाग आणायचे आणि गिऱ्हाईक म्हणेल तसा कॉम्प्युटर जोडून द्यायचा, हा धंदा. गिऱ्हाइकाला ठरवायच्या गोष्टी मुख्यतः दोनच. आतला प्रोसेसर कोणता घ्यायचा, साधा एक्स-टी की वेगवान टू-एटी-सिक्स? आणि घेतल्यावर तो नागपूरच्या उन्हाळ्यात थंड कसा ठेवायचा?

पहिल्या प्रश्नावर शरदभाऊंचं उत्तर ठरलेलं असे.

"भाऊ, दोन्हीत चांगला कोणता?"

"आज दुकानात आहे तो!"

* * *

सावनेरचे एक कापूस-जिनिंगवाले शेठ होते. माणूस चौकस. मशीन न्यायला आले तेव्हा म्हणाले, "उघडून दाखवा. आतमध्ये काय भरलं ते पाहिल्याशिवाय मी गाडीत टाकत नाही."

गजभियेनं झाकण काढलं. शेठजींनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि त्यांचं बोट बरोबर एका रिकाम्या खाचेवर गेलं.

"हे काय? इथली वस्तू कुठी गेली?"

आता ती जागा होती गणिताच्या जोडचिपची. ज्याला मोठमोठे हिशेब, डिझाइनं करायची असतात तो ती वेगळी घेतो. बाकीच्यांचं तिच्यावाचून काही अडत नाही. मी हे सगळं नीट समजावलं.

शेठजी गंभीर झाले. "म्हणजे याले गणित येत नाही?"

गजभिये म्हणाला, "येते ना शेठजी. पण बोटं मोजून करते."

शेठजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "बरोबर आहे. आमच्या मुनीमजीची पण हीच जागा रिकामी असन!"

* * *

एका शाळेच्या हेडसरांनी टर्बोवाला एक्स-टी नेला. त्या मशीनच्या तोंडावर एक बटण असायचं. दाबलं की प्रोसेसर जोरात, सोडलं की हळू.

उन्हाळ्याच्या आधी आम्ही तपासणीला गेलो. पाहतो तर मशीन बैलगाडीसारखं चाललेलं. बटण सोडलेलं!

"सर, टर्बो काहून बंद ठेवला?" गजभियेनं विचारलं.

"सकाळपासून पळवलं तर दमते ते," हेडसर म्हणाले. "मधल्या सुट्टीनंतर लावतो."

"सर, ते दमत नाही. मशीन आहे."

हेडसरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. मैदानात पीटीचे सर पोरांना ऊन चढल्यावरही पळवत होते. "ते पण हेच म्हणतात! पोरं दमत नाहीत म्हणे. मी दोघांचंही ऐकत नाही."

एवढं बोलून ते बाहेर गेले आणि पीटीचा तास बंद करून आले. टर्बो मात्र त्यांनी आमच्यासमोर लावू दिला नाही तो नाहीच!

* * *

मे महिन्यात फोन यायचे ते सगळे एकाच सुरात.

"तुमचं मशीन बंद पडून राहिलं. तापते!"

"पंखा लावला का साहेब?"

"लावला ना!"

"मशीनकडे तोंड करून?"

पलीकडून जरा नाराजीनं, "मग मी काय उकडत बसू गा?"

* * *

कोराडीच्या बाजूला एक पतसंस्था होती. त्यांना टू-एटी-सिक्सच हवा होता. शरदभाऊंनी बजावून सांगितलं, "खोलीत एसी पाहिजे. नाही तर जबाबदारी आमची नाही." त्या काळात कूलरवर सगळं ऑफिस चालायचं. एसी म्हणजे चैन. पण कॉम्प्युटरसाठी म्हटल्यावर कमिटीनं मंजूर केला. काचेचं दार लावलेली छोटी खोली तयार झाली. आम्ही मशीन बसवून आलो.

पंधरवड्यानं गेलो तर मशीनशेजारी अध्यक्षांचं टेबल! म्हणाले, "नवीन वस्तू आहे, देखरेख लागते."

त्यानंतर गेलो तेव्हा मॅनेजरचं टेबलही आत. अध्यक्षांच्या सह्या लागतात म्हणे. मग कॅशियर आले, कारण मॅनेजर आत. मग टायपिस्ट वानखेडेबाई आल्या. त्यांनी तर कारणसुद्धा दिलं नाही. खुर्ची उचलली आणि आत आल्या!

ऐन मे महिन्यात तक्रार आली, कॉम्प्युटर दुपारी बंद पडतो. आम्ही धावत गेलो. काचेच्या आत सगळी संस्था गारेगार बसलेली. अध्यक्षांच्या अंगावर तर शाल! पण मशीन कुठेच दिसेना.

"साहेब, कॉम्प्युटर?"

अध्यक्षांनी बाहेरच्या व्हरांड्याकडे हात केला. पाण्याच्या माठाशेजारी, पश्चिमेच्या उन्हात, आमचा टू-एटी-सिक्स ठेवलेला होता.

"काय करता बाप्पा," वानखेडेबाई म्हणाल्या, "आतमध्ये जागाच नव्हती!"

* * *

त्याच कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतले एक इंजिनिअर. घरात कोळशाची राख यायची म्हणून त्यांच्या बायकोनं मशीनला कव्हर शिवलं. जाड, अस्तर लावलेलं, वर मोराची कशिदाकारी. साहेब ते कव्हर घालूनच मशीन चालवायचे. फक्त मशीनचा पडदा तेवढा उघडा असायचा. अर्थातच ते तापलं.

गजभियेनं वहिनींना नम्रपणे सांगितलं, "याले श्वास घ्याले जागा पायजे. मागून गरम हवा निघाली पायजे."

वहिनींना पटलं. पुढच्या खेपेला गेलो तर कव्हरला मागे पंख्यासमोर सुंदर जाळीची खिडकी, कडेनं लेस. मशीन बिनतक्रार चाललं.

साहेबच जरा उदास दिसले. गजभियेनं विचारलं तर त्यांनी शर्टाच्या बाहीकडे बोट दाखवलं. बटण नव्हतं. "दोन महिन्यांपासून सांगून राहिलो हिले," ते म्हणाले. "पण आमच्यातून कुठी गरम हवा निघते!"

* * *

आणि नरखेड तालुक्यातला तो दिवस.

दुकानाची हालत त्या वर्षी वाईट होती. हे काम मिळालं नाही तर शटर ओढायचं, असं शरदभाऊ घरी बोलून बसले होते. काम होतं संत्रा बागाइतदारांच्या सोसायटीचं. मशीन डोळ्यांसमोर दिवसभर चालवून दाखवा, मग बोलू, असा त्यांचा निरोप. गजभिये म्हणाला, "भाऊ, एक्स-टी नेऊ. हळू आहे, पण उन्हात टिकते." शरदभाऊंना छाप पाडायची होती. त्यांनी टू-एटी-सिक्सच जीपमध्ये ठेवला.

सोसायटीचं ऑफिस पत्र्याचं. सकाळी मशीन सुसाट. दुपार झाली, पत्रे तापले आणि मशीनचा पडदा जागच्या जागी गोठला. बंद करून लावला, पुन्हा गोठला. पंखा लावला, तो गरम हवाच फेकत होता. बागाइतदार एकमेकांकडे पाहून हसू लागले. शरदभाऊंच्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडत होता.

सोसायटीचे अध्यक्ष दादासाहेब. पांढरं धोतर, करडा आवाज. गावात त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नसे. ते म्हणाले, "जनावरबी असल्या उन्हात बसकण मारते. सावलीत न्या त्याले."

गावात थंड जागा एकच, मारुतीच्या देवळाचा दगडी मंडप. चार माणसांनी कॉम्प्युटर उचलून नेला. भजनाच्या लाउडस्पीकरची वायर काढून तिथे आमची जोडली. दगडाच्या गारव्यात मशीन सुरू झालं आणि उतरत्या उन्हापर्यंत एकदाही अडलं नाही. बातमी पसरली. बाया-माणसं येऊन बसली. दादासाहेबांच्या बायकोला सगळे काकू म्हणत, त्याही खांबाला टेकून बसल्या होत्या.

शेवटी दादासाहेब म्हणाले, "तुम्ही चालवलं ते पाहिलं. आता मी चालवतो."

शरदभाऊंनी खुर्ची दिली. दादासाहेबांनी एक एक इंग्रजी अक्षर शोधत टाइप केलं, 'चलो'. गजभियेनं दाखवलं तसं मोठं बटण दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं. दादासाहेब गजभियेकडे वळले. "काय म्हणते?"

गजभियेनं वाचलं, "बॅड कमांड."

"म्हणजे?"

शरदभाऊ मागून डोळ्यांनी खुणा करत होते. काहीही सांग, हे सांगू नको! गजभियेनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दादासाहेबांकडे. आणि म्हणाला, "तुमचा हुकूम चुकला, म्हणते."

शरदभाऊंनी डोळे मिटून घेतले. दादासाहेबांनी पुन्हा तेच टाइप केलं, या वेळी जोरजोरात बटणं आपटून. पुन्हा तेच उत्तर.

दादासाहेब सावकाश उठले. टोपी नीट केली. साऱ्या कमिटीवरून एकदा नजर फिरवली.

"घ्या हे मशीन," ते सेक्रेटरीला म्हणाले. "इतक्या वर्षात मले तोंडावर असं सांगणारं या गावात कोणी भेटलं नाही!"

खांबाजवळून काकूंचा आवाज आला, "अन् मी काय मुकी आहो?"