इराला दूध चालत नाही

शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "अगं, तुझ्या इराचा एखादा किस्सा सांग ना!" जणू मी किस्से जमवायलाच मुलगी जन्माला घातली! एका बाळाला दूध चालत नाही, एवढीच गोष्ट. पण तेवढ्याशा गोष्टीभोवती घर, गल्ली, नातेवाईक असे काही गोळा होतात, की दोन वर्षांत किस्स्यांचा ढीग होतो. त्यातले हसण्यासारखे मी स्टाफरूममध्ये सांगते. बाकीचे इथे.

* * *

इरा चार महिन्यांची असताना माझी रजा संपत आली, म्हणून तिला डब्यातल्या पावडरचं दूध सुरू केलं. पहिल्याच बाटलीनंतर तोंडाभोवती लाल चट्टे आले. तिसऱ्या दिवशी उलट्या, आणि लंगोटात रक्ताचे धागे. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. मग आम्ही धामणकर नाक्यापलीकडच्या डॉक्टरांकडे पळालो.

त्यांनी तपासलं, खोदून खोदून विचारलं आणि म्हणाले, "दुधाची ॲलर्जी आहे. गाय, म्हैस, बकरी, सगळं बंद. आणि बाळाच्या आईचंही दूध, दही, तूप बंद. तुम्ही खाता ते अंगावरच्या दुधातून तिला जातं."

सासूबाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, हिचा चहा तरी?"

"कोरा!"

नारपोलीला घरी येईपर्यंत त्या रिक्षात एकच वाक्य बोलल्या. "दुधाशिवाय बाळ! मग काय हवा खाऊन वाढणार?"

* * *

माझा नवरा प्रसाद दापोड्याला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. दिवसभर खोक्यांवरची लेबलं वाचायची सवय, ती आता घरी उपयोगी पडली. बिस्कीट असो की ब्रेड, मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय तो पुडा घ्यायचा नाही. नाक्यावरचा दुकानदार एकदा वैतागला, "भाईसाब, बिस्कुट लेना है या इम्तिहान देना है?"

एवढा सावध माणूस! एक दिवस शिफ्टवरून आला, चहा प्यायला आणि इराला उचलून गालाचा पापा घेतला. पाच मिनिटांत तिच्या गालावर लाल, फुगलेला ठसा उमटला. बरोब्बर त्याच्या ओठांच्या आकाराचा!

प्रसाद बेसिनपाशी जाऊन किती वेळ तोंड धूत उभा होता. त्यानंतर महिनाभर त्याने तिच्या फक्त पायांना हात लावला.

* * *

सहा महिने झाले, वरचं खाणं सुरू करायचं ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस द्यायचा, बघायचं, मग दुसरा. मी भिंतीवर कागद चिकटवला. तांदळाची पेज, मुगाचं पाणी, मग भोपळा.

मऊ भात आणि वरण कालवून मी ताटली पुढे घेतली, तर सासूबाई तुपाची वाटी घेऊन हजर. मी हात आडवा धरला.

"वरणभात, आणि तूप नाही?" त्यांनी वाटी तशीच पुढे धरली. "पोरगी काय अनाथ आहे?"

* * *

उष्टावण करायचंच, असा त्यांचा हट्ट होता. मी म्हटलं करू, पण खीर मी करणार, नारळाच्या दुधातली. केली. माझा भाऊ चांदीचा चमचा घेऊन आला. अकरा माणसं, पाटाभोवती रांगोळी, फोटो. मामाने इराला एक चमचा भरवला. टाळ्या! दुसरा भरवला.

तिसरा चमचा तिने घेतलाच नाही. खोकली, आणि ओकली. डोळे सुजून बंद झाले, अंगभर गांधी उठल्या, आणि मग ती रडायची थांबली. ते थांबणं मला अजून ऐकू येतं.

रिक्षा मिळाली, पण नाक्यावर टेम्पोंची रांग हलेना. रिक्षावाल्याने मागे वळून इराचा चेहरा पाहिला, गाडी तशीच रस्त्यात सोडून खाली उतरला आणि टेम्पोंच्या बोनेटवर थापा मारत ओरडत सुटला, "हटाओ! बच्ची जा रही है! हटाओ!"

'जा रही है' म्हणजे दवाखान्यात, हे मला कळत होतं. तरी मी प्रसादचा हात इतका जोरात धरला की त्याच्या मनगटाला नखं रुतली.

डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने इरा रडली. तिचं रडणं ऐकून आयुष्यात पहिल्यांदाच मला बरं वाटलं!

बाकावर सासूबाई बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देवाला नैवेद्य दाखवायचा होता गं. नारळाच्या दुधाचा कसा दाखवायचा? पातेल्यात गाईचं एकच पळी घातलं."

* * *

मी अकरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही समजूत काढली नाही, रडल्या नाहीत. फक्त स्वयंपाकघरात पाऊल टाकणं बंद केलं. पाणी हवं असलं तरी दारात उभ्या राहून मागायच्या.

बाराव्या दिवशी शेजारची काकू नातवाच्या बारशाचे पेढे घेऊन आली आणि कौतुकाने पेढ्याचं बोट इराच्या ओठांशी नेलं. मी आतून धावले. पण माझ्याआधी सासूबाई पोचल्या होत्या. काकूचा हात त्यांनी मनगटात पकडला होता. "पुन्हा असं केलंस, तर हात तोडीन!"

पेढे जमिनीवर. काकू तेव्हापासून आमच्याशी बोलत नाही. मी मात्र त्याच दिवशी सासूबाईंना म्हटलं, "आई, आत या. भाजी निवडायची आहे."

* * *

खिरीनंतर इराने चमच्याचा धसका घेतला. चमचा दिसला की ओठ गच्च. अंगावर पीत होती तेवढंच. तीन आठवड्यांत वजन उतरलं. गाणी, खेळणी, आरसा, सगळं करून झालं.

मी शाळेत असताना इराजवळ कमळ असायची. जवळच्या आदिवासी पाड्यावरची, पंचेचाळिशीची, कमी बोलणारी बाई. एक दिवस मी लवकर घरी आले, तर कमळ भिंतीकडे तोंड करून नाचणीची मऊ भाकरी खात बसलेली, आणि इरा मागून रांगत येऊन तिच्या ताटलीतला तुकडा तोंडात कोंबत होती.

"कमळ, अगं ती खातेय!"

"गप, बाई," ती मागे न वळता कुजबुजली. "आपन बघत न्हाय म्हनून खाते."

* * *

इरा चौदा महिन्यांची असताना तपासणीला कमळच बरोबर आली. वजन छान वाढलं होतं. डॉक्टर खूश. आम्ही निघालो, तर कमळ दारातच थांबली.

"डाक्तर, माझा पोर असाच व्हता. मी पाजला का अंगावर फोड, शौचात रगत. सासू म्हनली, तुझा दूध इखारी हाय. माझा तोडला, बकरीचा दिला. आठ दिवसात गेला." मग तिने विचारलं, "माझा दूध इखारी व्हता का?"

तिला मूल झालं होतं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली. कोरा केसपेपर काढला. "नाव?"

"सोमा."

"वय?"

"धा महिने."

फोड कुठे, उलटी किती वेळाने, त्यांनी सगळं विचारलं आणि लिहिलं. बाहेर सात बाळं रडत होती. शेवटी म्हणाले, "बाळ न तपासता आजार खात्रीने सांगता येणार नाही. पण आईचं दूध विषारी नसतं. एवढं मी लिहून देऊ शकतो."

"लिवून द्या," कमळ म्हणाली. "शिक्का बी मारा."

रविवारी ती मला पाड्यावर घेऊन गेली. तिला वाचता येत नव्हतं. तिची सासू जमिनीवर गोधडीवर पडून होती, डोळे गेलेले. कमळने कागद माझ्या हातात दिला आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

मी सगळा वाचला. नाव, वय, लक्षणं, शेवटची ओळ, खालची सही.

म्हातारीने हात पुढे करून कागद चाचपला. मग म्हणाली, "पुन्यांदा वाच. तिला आत बलाव, नी पुन्यांदा वाच."